सोलमधलं होंगदे (तरुणांच्या गर्दीचा, नाइटलाइफचा भाग): एका संध्याकाळसाठी काय माहीत हवं? (पायपीट, रात्रपाळी, खादाड ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

पायपीट: शुक्रवारी संध्याकाळी होंगदेला जायचंय. मुक्काम म्यंगदोंगला, दोघं जण, एक शाकाहारी. कुठून सुरुवात करावी, परत कसं यावं?

रात्रपाळी: मेट्रो लाइन २, होंगिक युनिव्हर्सिटी स्टेशन, ९ नंबरचं एक्झिट. तिथे तोबा गर्दी असते, जिना चढायलाच वेळ जातो. गूगल मॅप्स कोरियात चालायचा रस्ता धड दाखवत नाही. नेव्हर मॅप हे कोरियन नकाशा-ॲप आधीच टाकून ठेवा. मेट्रो-बसचं टी-मनी कार्ड भरायला रोख वॉन (कोरियन चलन) जवळ असू द्या. क्लबात जायचं तर मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलमधला फोटो बहुतेक दारावरच अडतो. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद. लाइन २ वर्तुळाकार असली तरी रात्रीच्या शेवटच्या गाड्या मधेच संपतात, म्हणून फलकावरचं शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. चुकलीच तर 'एन'ने सुरू होणाऱ्या नंबरच्या रात्रीच्या बस आहेत.

खादाड: शाकाहाऱ्यांनो, जपून! तोकबोकी (रश्शातल्या तांदळाच्या चिवट वड्या) दिसते तांदळाची, पण रस्सा बहुधा सुकवलेल्या माशांचा. काडीवर नागमोडी घडी घालून ओवलेली पिवळट पट्टी टोफू नव्हे, ओमुक, म्हणजे मासाच. होत्तोक (तव्यावरची गोड भरलेली पोळी) मिळालं तर घ्या: आत ब्राउन शुगर, दालचिनी, दाणे. गूळपोळीची फुगीर चुलतबहीणच, फक्त पाक जीभ भाजतो.

रात्रपाळी: आणि कॉइन नोरेबांग, म्हणजे नाणी टाकून गायची कराओके खोली, विसरू नका. दोघांपुरती खोली, थोड्या वॉनमध्ये दोन-चार गाणी. हिंदी-मराठी गाण्यांची आशा मात्र नको.