संहिता, श्रुतिका, रूपक : नभोवाणीच्या लेखनातील शब्द आणि संकेत

प्रश्न : नभोवाणीसाठी, म्हणजे रेडिओसाठी, लिहिलेल्या मजकुराला मराठीत ‘संहिता’ म्हणावे की ‘आलेख’? हिंदी कार्यक्रमांत ‘आलेख’ हा शब्द नेहमी ऐकू येतो. श्रुतिका, नभोनाट्य आणि रूपक यांतला फरकही स्पष्ट व्हावा. ‘फेड इन’ (आवाज हळूहळू चढवणे), ‘फेड आउट’ (तो हळूहळू उतरवून संपवणे) यांसारख्या सूचना मराठीत लिहाव्यात का, हा तिसरा प्रश्न.

उत्तर : ‘आलेख’ टाळावा. मराठीत तो शब्द आलेखकागदावरच्या रेषेला पक्का चिकटला आहे, आणि लाक्षणिक अर्थाने वापरला तरी ‘प्रगतीचा आलेख’ याच्या पलीकडे तो जात नाही. ‘संहिता’ नाटकाच्या संदर्भात रूढ आहेच, पण नभोवाणीला तो अधिक शोभतो असे मला वाटते. पाणिनीने वर्णांच्या अत्यंत जवळिकीला संहिता म्हटले आहे. वेदपठणात संधी करून सलग म्हटलेला तो संहितापाठ आणि शब्द सुटे करून म्हटलेला तो पदपाठ. म्हणजे हा शब्द मुळात कागदाचा नसून उच्चाराचा आहे. नभोवाणीची चांगली संहिता मात्र पदपाठाकडे झुकलेली असते, कारण कोठे तोडायचे आणि कोठे थांबायचे हे तिच्यात आधीच ठरवावे लागते.

‘श्रुतिका’ हा शब्द नाटिका, एकांकिका यांच्या वळणावर घडला आहे आणि त्यातील ‘-इका’ हा प्रत्यय लहानपण दाखवतो; म्हणून केवळ ऐकण्यासाठी लिहिलेले छोटे नाटक ती श्रुतिका. मोठ्या कृतीला ‘नभोनाट्य’ म्हणावे. ‘रूपक’ हा शब्द अधिक फसवा आहे. व्याकरणाच्या पुस्तकात तो अलंकार आहे, संस्कृत नाट्यशास्त्रात दृश्यकाव्याचे नाव आहे, आणि नभोवाणीत निवेदन, मुलाखतींचे तुकडे, प्रत्यक्ष स्थळावरचे आवाज व संगीत एकत्र गुंफून एखादा विषय मांडणाऱ्या कार्यक्रमाला रूपक म्हणतात. डोळ्यांनी पाहायच्या गोष्टीचे नाव केवळ कानांच्या प्रकाराला मिळावे, हा योगायोग गमतीचा आहे. ‘आकाशवाणी’ हे संस्थेचे विशेषनाम आणि ‘नभोवाणी’ हे माध्यमाचे सामान्यनाम, एवढे भान ठेवले की या दोन शब्दांचा घोळ उरत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. संहितेत दोन प्रकारचे शब्द शेजारीशेजारी असतात : श्रोत्याला ऐकू जायचे आणि ऐकू जायचे नाहीत असे. इंग्रजी संहितेत दुसऱ्या प्रकारचे शब्द मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहून वेगळे काढतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठी लेखक सगळा भार कंसावर टाकतो, आणि मग ‘(हसत)’ हा अभिनयाचा कंस, ‘(दार वाजते)’ हा ध्वनीचा कंस आणि संस्थेच्या नावापुढचा संक्षेपाचा कंस असे तीन वेगळे कंस एकाच पानावर येतात. निवेदक यांपैकी तिसरा वाचतो की गाळतो, हे त्याच्या मनावर राहते. माझ्या मते कंस फक्त अभिनयासाठी राखावा. ध्वनी आणि संगीत यांच्या सूचना स्वतंत्र ओळीत, अधोरेखित करून द्याव्यात. आणि बोलायचा एकही शब्द कंसात घालू नये. पात्राचे नाव डावीकडे वेगळ्या रकान्यात आणि ओळींचे क्रमांक प्रत्येक पानावर पुन्हा एकपासून, हा संकेतही पाळण्यासारखा आहे, कारण ‘चौथे पान, सातवी ओळ’ एवढे म्हटले की सगळे त्याच जागी येतात. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपू नये. पान उलटल्याचा आवाज माइक टिपतो आणि श्वासही नको तेथे तुटतो.

अवतरणचिन्हही ऐकू येत नाही. ‘स्वच्छ’ कारभार असे उपरोधाने लिहिले, तर श्रोत्यापर्यंत निखळ स्तुती पोचते. ‘वरील’, ‘खालीलप्रमाणे’, ‘सदर’, ‘अनुक्रमे’ हे सगळे पानाचे शब्द आहेत. श्रोत्याला वर आणि खाली नसते, आणि ‘अनुक्रमे’ ऐकून मागे जाऊन जोड्या लावण्याची सोय त्याला नसते.

मराठी वाक्याच्या रचनेतून येणारा धोका याहून मोठा आहे. आपले क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटी येतो. ‘या औषधाने आजार पूर्ण बरा होतो, असे मानण्यास कोणताही आधार सापडलेला नाही’ हे वाक्य वाचताना डोळा पुढे धावून ‘नाही’ गाठतो. कान मात्र अर्धे वाक्य होकारार्थी समजून बसतो, आणि तेवढ्यात लक्ष विचलित झाले तर तोच अर्थ डोक्यात राहतो. ‘असे त्यांनी सांगितले’ हेही शेवटीच येत असल्यामुळे एखाद्याचे मत बातमीदाराचे विधान वाटते. म्हणून ‘त्यांच्या मते’ आधी आणावे, आणि नकार शक्य तितका लवकर कळू द्यावा.

आकड्यांत ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ या जोड्या घाईत निसटतात; नेमकेपणाची गरज नसेल तेथे दीड, अडीच, पावणेतीन हे आपले अपूर्णांक कानाला फार सोपे पडतात. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यांतला ‘ज’ वेगळा, पण अक्षर एकच, म्हणून अपरिचित नावाशेजारी उच्चाराची खूण द्यावी. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत उलट घडते : कागदावर भेद आहे, कानावर जेमतेम. ‘केले’ की ‘केलं’ याबद्दल वाद नको; १९६२ च्या लेखननियमांनीही पात्राच्या तोंडी सानुस्वार रूपे मान्य केली आहेत. संवादात ‘केलं’ लिहावे, बातमीपत्रात ‘केले’ चालेल, पण एकाच निवेदकाच्या तोंडी दोन्हींची सरमिसळ नसावी.

लांबीच्या बाबतीत इंग्रजीतील ‘सेकंदाला तीन शब्द’ हा ठोकताळा मराठीला लावू नये. ‘शाळेतल्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे. मोठ्याने वाचून घड्याळ लावणे हाच खात्रीचा उपाय.

आणखी एक मत : वरील विवेचनाशी (येथे ‘वरील’ चालेल, हे कागदावर आहे) मी बहुतांशी सहमत आहे. राहिला ‘फेड’चा प्रश्न. तंत्रज्ञाच्या हाताला जो शब्द सवयीचा आहे तोच त्याच्या सूचनेत असावा, म्हणून ‘फेड’ आणि ‘क्यू’ (सुरू करण्याची खूण) हे शब्द बदलण्याचा अट्टहास करू नये. मात्र नटासाठी असलेल्या सूचनेत ‘ऑफ’पेक्षा ‘माइकपासून दूर’ हे नि:संशय बरे. खरा दोष इंग्रजी शब्दांत नसून ‘संगीत कमी’ यासारख्या अर्धवट मराठी सूचनांत आहे. संगीत कमी होऊन बोलण्यामागे चालू राहायचे आहे, की कमी होत होत संपायचे आहे? ‘संगीत मागे राहते’ आणि ‘संगीत संपते’ असे निरनिराळे लिहिले, तर भाषांतराची गरजच पडत नाही. ‘शांतता’ हीसुद्धा सूचनाच आहे आणि तिच्यापुढे सेकंद लिहिले पाहिजेत. नुसते ‘शांतता’ लिहिले, तर एक तंत्रज्ञ ती श्वासापुरती धरतो, दुसरा ती लांबवतो, आणि जास्तच लांबली तर श्रोता संच बिघडला असे समजून बटणाशी खेळू लागतो.