सल्ला हवा: बी.एड. चालू असताना रजेवरच्या मॅडमच्या जागी शिकवायला घेतायत. कागद, पगार, नोंदणी?

वेण्णाकाठ
नमस्कार मंडळी. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणित-विज्ञान. गाव सातारा जिल्ह्यात, कॉलेज एसटीने तासाभरावर. ज्या अनुदानित शाळेत माझी इंटर्नशिप चालू आहे तिथल्या गणिताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर जातायत, म्हणजे सहा महिने तरी नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, "आठवी-नववीचं गणित तूच घे, पोरांना तुझी सवय झालीय." महिना सात हजार. पैसे संस्था देणार, रोख. पत्राचं विचारलं तर "अगं, घरचीच शाळा आहे, कागदाचं नंतर बघू."

सोमवारी उत्तर द्यायचंय. घरचे म्हणतात लगेच हो म्हण. मला कळत नाहीये की बी.एड. पूर्ण नसताना अशी नेमणूक होते का, आणि सात हजार हा आकडा कशावरून आला. वकिलांची, डॉक्टरांची असते तशी शिक्षकांची कुठे नोंदणी असते का? असेल तर आताच करून ठेवते. सीटीईटी (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर दोन पास आहे. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

टाचणवही
आधी शेवटच्या प्रश्नाचं. बार कौन्सिलसारखी शिक्षकांची सनद आपल्याकडे नाही. एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) कॉलेजला आणि कोर्सला मान्यता देते, तुझ्या नावाची नोंद ठेवत नाही. सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची नोंदणी म्हणजे भरतीचा अर्ज. ती भरती निघेल तेव्हाच उघडते आणि तिला अभियोग्यता चाचणीचे (टेट) गुण लागतात. २०२५च्या टेटला शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही बसू दिलं होतं. पुढची कधी निघेल त्यावर डोळा ठेव.

अनुदानित शाळेत "शिक्षक म्हणून नोंद आहे" याचा अर्थ दोनच गोष्टी: शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारी पगाराच्या प्रणालीतला क्रमांक). या सहा महिन्यांत तुला दोन्ही मिळणार नाहीत. पवित्रमधून न आलेल्या माणसाला आता मान्यता मिळत नाही असंच धरून चाल. म्हणून पगार संस्थेच्या खिशातून, आणि म्हणून आकडा त्यांच्या मनाचा.

जुना_हेडमास्तर
बाळ, मी तीस वर्षं खुर्चीत बसलोय म्हणून पलीकडची बाजू सांगतो. रजा सुरू झाली की मॅडमचा पगार सरकारकडून चालू राहतो, पण त्यांचे तास कोणी घ्यायचे याला पैसा नसतो. मग मुख्याध्यापक संस्थेच्या चालकांकडे जातो, ते म्हणतात "पाच-सात हजारांत बघा कोणी मिळतंय का." तुझ्या सरांचा हेतू वाईट असेलच असं नाही.

पण रोख घेऊ नकोस. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा कायदा आणि १९८१ची नियमावली आहे. नियमावलीत नेमणूक पत्राचा नमुनाच दिलाय, अनुसूची ड. शाळेत ती प्रत असतेच, क्लार्कला विचार. पूर्ण नमुना नाही दिला तरी लेटरहेडवर चार ओळी पाहिजेत: कोणाच्या रजेच्या काळात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणते वर्ग, किती मानधन. "प्रशिक्षणार्थी, बी.एड. द्वितीय वर्ष" असा स्पष्ट उल्लेख करायला सांग. पूर्ण पात्र शिक्षिका म्हणून नेमलंय असं लिहिलं, तर उद्या तपासणीत शाळाही अडचणीत आणि तूही.

आणि एक. मस्टरवर, कॅटलॉगवर, निकालपत्रकावर मॅडमच्या नावापुढे सही करायची नाही. "तात्पुरती कर, त्या आल्या की बघू" असं हमखास सांगतात. तू तुझ्या नावाची वेगळी वही ठेव. दिनांक, वर्ग, तास, घटक, आणि शेवटी पर्यवेक्षकांची सही. आम्ही तासिकेवरच्या शिक्षकांचं असंच कच्चं मस्टर ठेवायचो, आणि महिनाअखेरीस बिल त्यावरूनच व्हायचं.

भोंडला
एवढा कायदा कशाला? मी असंच एक वर्ष काढलं, पत्र ना बित्र. पण वर्ग कसा सांभाळायचा ते तिथे शिकले, बी.एड.च्या पाठांत नाही. वीस पाठ आरशासमोर घेतल्यासारखे घेतो आपण, समोर खरे साठ चेहरे आले की कळतं. वेण्णाकाठ, जा तू. पैशाचं नंतर होतं.

टाचणवही
@भोंडला, शिकलीस ते खरंच. पण ते वर्ष आज कुठे दाखवता येतं का सांग. पवित्रमध्ये निवड टेटच्या गुणांवर होते, मुलाखतीशिवायच्या यादीत अनुभवाला एक गुणही नाही. मुलाखतवाल्या संस्था आणि सीबीएसईच्या खासगी शाळा अनुभव विचारतात, पण कागदावर. आणि बी.एड. पूर्ण होण्याआधीचा अनुभव बरेच जण प्रशिक्षित शिक्षकाचा म्हणून मोजत नाहीत. वेण्णाकाठने हे धरूनच ठरवावं. सहा महिन्यांतून तिला वर्गाची सवय मिळेल आणि पैसे मिळतील. सेवाकाळ मिळणार नाही.

वकीलकाकू
सात हजार कमी आहेत का, तर तुलना करून बघ. पवित्रमधून लागलेल्या शिक्षणसेवकाला (सुरुवातीला मानधनावर असलेल्या शिक्षकाला) १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० मानधन आहे. त्याआधी ते ६, ८ आणि ९ हजार होतं. म्हणजे तुझी संस्था माध्यमिकच्या जुन्या दरापर्यंतही पोचलेली नाही. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन थेट खात्यात येतं (शिक्षण चालू असणाऱ्यांना ती योजना नाही, म्हणून तुझ्या कामाची नाही, पण बोलताना आकडा ठेवायला हरकत नाही). केंद्रीय विद्यालयांत कंत्राटी टीजीटीला (प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाला) २६,२५० देतात.

अर्थात तू दिवसभर नाही, दोन वर्गांचं गणित घेणार आहेस. म्हणून महिन्यावर न बोलता तासावर बोल. रोज किती तास, शनिवारचे किती, जादा तासांचे वेगळे, चाचणीचे पेपर तपासायचे कोणी. महिन्याचा ठोक आकडा ठरला की ऑफ तास, वर्ग सांभाळणं, स्नेहसंमेलन, सगळं त्यातच बसवतात.

कामगार म्हणून दाद मागता येईल या भरवशावर राहू नकोस. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली "कामगार" नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय, गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात. त्यामुळे जे काही ठरेल ते आधी कागदावर हवं.

आणि खात्यातच घे. संस्था पीएफला नोंदलेली असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा खातेदार क्रमांक) मागून बघ. बहुतेक "एवढ्या दिवसांसाठी कशाला" म्हणतील. पण मिळाला तर तू कुठे, कधी काम केलंस याचा असा पुरावा तयार होतो की जो उद्या मुख्याध्यापक बदलले तरी पुसला जात नाही. साध्या शिक्क्याच्या अनुभव प्रमाणपत्रापेक्षा तो कधीही भारी.

डब्लिनकर
इथे आयर्लंडमध्ये नोंदणी टीचिंग कौन्सिलकडे असते आणि जानेवारी २०१४ पासून नोंदणी नसलेल्याला सरकारी पैशातून शिक्षकाचा पगार देता येत नाही, अगदी थोड्या दिवसांचा अपवाद सोडला तर. आपल्याकडेही असं काही झालं तर बदली शिक्षकांचे हे हाल थांबतील असं वाटतं.

भोंडला
होईल तेव्हा होईल. तोवर हिला सोमवारी उत्तर द्यायचंय :)

खडूमास्तर
एक मुद्दा कोणीच काढला नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. तुझं बी.एड. नियमित आहे ना? २०१४च्या एनसीटीई नियमांप्रमाणे तासांना आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. आता नीट बघ. तू त्याच शाळेत इंटर्न आहेस, तिथेच पगारी शिकवणार. इंटर्नशिपच्या तासांत मॅडमचे तास घेतलेस तर ते काम कोणाचं? शाळा म्हणेल ती इंटर्नच आहे, पैसे कशाचे. कॉलेज म्हणेल ती नोकरी करतेय, पाठ कुठे आहेत.

माझ्या बॅचमधल्या एकीचं असंच झालं. रोज वर्गावर होती, पण निरीक्षणाच्या नोंदी आणि पाठांवर मार्गदर्शकांच्या सह्या नव्हत्या. शेवटी तिला पाठ पुन्हा घ्यावे लागले.

तेव्हा आधी कॉलेजच्या प्राचार्यांना लेखी विचार. इंटर्नशिप संपल्याच्या तारखेनंतर पगारी काम सुरू, हे सगळ्यात स्वच्छ. ते शक्य नसेल तर कोणते तास इंटर्नशिपचे आणि कोणते पगारी हे वेळापत्रकावर वेगळं दाखवून दोन्हीकडून सही घे. महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती घेत असशील तर हजेरी तिथेही पाहतात. हल्ली कॉलेजंच इंटर्न मुलं शाळेला आंदण दिल्यासारखी देतात आणि शाळा त्यांच्यावर रिकामे तास भागवते, याबद्दल कधीतरी वेगळा धागा काढायला हवा.

टाचणवही
खडूमास्तरांना अनुमोदन. शिवाय आठवीला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा, वरची टेट वेगळी) लागते, नववीला नाही. तुझी सीटीईटी आहे म्हणजे ती बाजू बरी आहे, आणि आता ती आयुष्यभर चालते. बी.एड.चा निकाल लागला की केंद्रीय विद्यालयांच्या कंत्राटी मुलाखतींकडे बघ, वर्ष सुरू होण्याच्या आसपास जाहिराती त्यांच्याच वेबसाइटवर येतात. अट आणि विषयांचं कॉम्बिनेशन आधी वाचून जा.

जुना_हेडमास्तर
अजून एक सांगायचं राहिलं. "आता कमी घे, पुढे जागा निघाली की तुलाच, मागच्या तारखेने मान्यता काढून देऊ" असं कोणी म्हणालं आणि त्यासाठी रक्कम सुचवली, तर तिथून सरळ निघायचं. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं, अधिकाऱ्यांना अटक झाली. आयडी घेऊन वर्गावर उभे होते त्यांचीही चौकशी झाली.

वेण्णाकाठ
सगळ्यांचे आभार. काका, रकमेचं अजून कोणी काढलं नाही, पण "पुढे तुलाच" हे वाक्य मात्र झालंय.

प्राचार्य मॅडमना भेटले. इंटर्नशिपच्या शेवटच्या तारखेनंतर करायला त्यांची हरकत नाही, तसं अर्जावर लिहून दिलं. मग शाळेत गेले. मुख्याध्यापक जरा नाराज झाले, "तू तर वकिलासारखं बोलायला लागलीस." पण खात्यात पैसे द्यायला आणि तासावर दर लावायला तयार झाले. रोज तीन तास, शनिवारी दोन, पेपर तपासणीचे वेगळे. हिशोब केला तर महिना साधारण तेवढाच पडतो, फक्त दुपारनंतर मी मोकळी. तोवर मधले आठवडे दुसरे सर तास वाटून घेणार. पीएफला नाही म्हणाले. पत्राचा मसुदा क्लार्ककाकांनी दिलाय. त्यात कामाच्या शेवटच्या तारखेची जागा कोरी आहे आणि "संस्था सांगेल ती इतर कामे" असं एक वाक्य आहे. हे चालतं का?

वकीलकाकू
कोरी तारीख नको. मॅडमच्या रजेची शेवटची तारीख घाल आणि पुढे "किंवा त्या हजर होईपर्यंत, जे आधी घडेल ते" असं लिही. "इतर कामे" काढत नसतील तर "तासिकांशी संबंधित" हे दोन शब्द त्याच्या आधी घालून घे. सही दोन प्रतींवर, एक तुझ्याकडे, तीही शिक्क्यासह.

जुना_हेडमास्तर
आणि जावक क्रमांक बघ. तो नसेल तर पत्र शाळेतून निघालंच नाही असं उद्या कोणीही म्हणू शकतं.