ट्रीटमेंट कोर्टाच्या टीममध्ये नवीन आहे, सेशनमधलं किती सांगायचं?

अबोली_ओहायो
नमस्कार मंडळी. कोर्टकचेरीतलं किंवा व्यसनमुक्तीच्या कामातलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे.

मी कोलंबसपासून तासाभरावरच्या एका काउंटीत समुपदेशक आहे. मार्चपासून एजन्सीने मला तिथल्या ड्रग कोर्टाच्या टीमवर बसवलंय. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: व्यसनापायी गुन्ह्यात सापडलेल्यांना तुरुंगात न धाडता वर्ष-दीड वर्ष कोर्टाच्या नजरेखाली उपचार देतात. दर मंगळवारी सकाळी आठला बंद खोलीत बैठक असते. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, प्रोबेशन ऑफिसर, कोऑर्डिनेटर आणि मी. तासाभरात बावीस नावं. नऊला तेच बावीस जण समोर कोर्टात. ट्रेनिंग म्हणाल तर एक जाडजूड फाइल मिळाली आणि "वाचून घे".

आता मुद्दा (तपशील बदललेत). पंचविशीतला मुलगा, फेंटानिलचं (हेरॉईनच्या जातीचं, पण कृत्रिम आणि फार तीव्र ड्रग) व्यसन, कोर्टात दाखल होऊन सहा आठवडे. शुक्रवारी सेशनमध्ये रडत म्हणाला, आई जाऊन वर्ष झालं त्या दिवशी राहवलं नाही, घेतलं. टेस्ट मात्र स्वच्छ. मंगळवारी सरकारी वकिलांनी विचारलं, "आणखी काही?" मी कॉफीच्या कपात बघत "नाही" म्हणाले. तेव्हापासून झोप नाही. मी खोटं बोलले का? आणि बोलले असते तर तो पुन्हा माझ्यापुढे तोंड उघडेल का? माझ्या आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तू डॉक्टर आहेस की पोलीस?" मी दोन्ही नाही, हीच तर पंचाईत!

कडक_चहा
सगळं सांगून मोकळं व्हायचं. आमच्या टॅक्सवर चालतं हे. एवढे लाड कशाला?

तात्या_फिनिक्स
कडकराव, लाड नाहीत. सुरुवातीला आठवड्यातून किमान दोनदा कधीही बोलावून लघवीची चाचणी आणि दर पंधरा दिवसांनी न्यायाधीशांपुढे हजेरी. मी पाहिलेल्या काहींनी "तुरुंग परवडला" म्हणून नाव काढून घेतलंय.

अबोलीताई, मी अशाच एका कोर्टात अकरा वर्षं कोऑर्डिनेटर होतो, आता निवृत्त. तुमची कॉफी मीही प्यायलोय.

आधी त्याने सही केलेला कन्सेंट, म्हणजे माहिती देण्याचं संमतीपत्र, काढा. व्यसनोपचाराच्या नोंदींना इथे वेगळे फेडरल नियम आहेत, ४२ सीएफआर पार्ट २. कुणाला, कशासाठी, कोणती माहिती द्यायची, ते त्या कागदात लिहिलेलं असतं. सहसा हजेरी, प्रगती, चाचण्या, उपचारात बदल हवा का, एवढंच. आई गेली, तो रडला, लहानपणी काय झालं, यातलं काहीही त्या टेबलावर जाता कामा नये. वकील बिचारे वाईट नसतात, पण कानावर पडलेलं विसरत नाहीत. आणि ते "नाही" पुन्हा म्हणू नका. "कन्सेंटमध्ये बसतं तेवढं सांगितलंय" म्हणा.

दुसरं, जे फाइलच्या तिसऱ्या टॅबमागे दडलेलं असतं आणि कुणी शिकवत नाही. सहा आठवड्यांच्या माणसासाठी नशा पूर्ण सोडणं हे लांबचं उद्दिष्ट. वेळेवर येणं, टेस्ट देणं, खरं बोलणं हे जवळचं. ज्याला जे आज जमण्यासारखं आहे ते चुकलं तर शिक्षा. नशा केली तर त्या टप्प्यावर उपचार वाढवायचे. म्हणजे त्याचा गुन्हा ठरला असता लपवण्याचा, घेण्याचा नव्हे. मग त्यालाच बोलू द्या! त्याच्याबरोबर बसून तयारी करा, पुढच्या मंगळवारी तो स्वतः न्यायाधीशांना सांगेल. खरं बोलला म्हणून कौतुक व्हायला हवं. एका शिक्षेमागे चार शाबासक्या हे प्रमाण उगाच सांगत नाहीत. आमचे न्यायाधीश आधी हसायचे यावर, मग स्वतःच पेन्सिली वाटायला लागले. मोठी माणसं पेन्सिलीसाठी हरखून जातात, खरंच.

कुणी चार दिवस तुरुंगाचं सुचवलं तर विरोध करा. आत राहून ड्रग पचवण्याची शरीराची सवय उतरते, बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की माणूस जातो. मी दोघांच्या अंत्यविधीला गेलोय. नॅलॉक्सोन (ओव्हरडोस उतरवायचं औषध) त्याच्या घरी आहे ना? ब्युप्रेनॉर्फिन (या व्यसनावरचं औषध) चालू असेल आणि कुणी "पदवी मिळण्याआधी, म्हणजे कोर्टाचा कार्यक्रम पूर्ण होण्याआधी, औषध बंद कर" म्हणालं तर २०२२ च्या एप्रिलमधलं न्यायखात्याचं मार्गदर्शन पुढे करा. अशी सरसकट बंदी अपंगत्व कायद्याविरुद्ध जाते.

आणि तुमच्या चाचणीच्या पॅनेलमध्ये, म्हणजे तपासायच्या ड्रग्जच्या यादीत, फेंटानिल आहे का? साध्या ओपिएट (अफू, हेरॉईनच्या) टेस्टला ते सापडत नाही.

लॉ_कॉलेज_रोड
पुण्यात वकिली करते. वाचून हेवा वाटला. आपल्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातही वाट आहे. कलम ६४अ: अल्प प्रमाणासह (हेरॉईन ५ ग्रॅम, गांजा १ किलो) पकडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट, अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. कलम ३९: दोषी ठरल्यावरही संमतीने उपचारासाठी सोडता येतं, वर्षाच्या आत अहवाल घेऊन हजर व्हायचं. पण तुमची ती आठची बैठक नाही. अर्ज मी करायचा, केंद्र मी शोधायचं, बेडसाठी फोनही मीच करायचा. गेल्या वर्षी एका मुलाची आई केंद्राचा कागद पिशवीत घालून चार तारखा आली, पाचव्या तारखेला तो वाचला गेला.

अबोली_ओहायो
तात्या, काय सांगू. कन्सेंट काढून वाचला. हजेरी, प्रगती, चाचण्या, शिफारस. सेशनमधलं बोलणं त्यात नाहीच. आज सकाळी त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "जज साहेबांना तोंडाने नाही जमणार, चिठ्ठीत लिहून वाचलं तर चालेल का?" मी हो म्हटलंय, बचावाच्या वकिलांनाही आधी दाखवू.

पॅनेलचं कोऑर्डिनेटरला विचारलं. फेंटानिल त्यात नाही. म्हणजे सहा आठवडे ज्याच्या "स्वच्छ" टेस्टवर आम्ही टाळ्या वाजवत होतो ती टेस्ट त्याचं व्यसन पकडूच शकत नव्हती. हे टीममध्ये मी कसं मांडू? रविवारी फोन केला तर चालेल?

तात्या_फिनिक्स
दहाच्या पुढे करा. आधी पोहे असतात.