मदत हवी आहे: इन्क्युबेटर ३७ अंशांवर, मग एमआरएसएच्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का?

नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनच्या जखमांतून येणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूबद्दल विचारायचंय, खास करून मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या त्याच्या प्रकाराबद्दल, म्हणजे एमआरएसएबद्दल.

आमच्याकडे इन्क्युबेटर एकच, ३७ वर लावलेला. उन्हाळ्यात पारा ३८ च्या पुढेही सरकतो. सीएलएसआय (लॅब चाचण्यांचे निकष ठरवणारी संस्था) प्रमाणे सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क लावून प्लेट ३३ ते ३५ अंशांत १६ ते १८ तास ठेवायची. ३५ च्या वर एमआरएसए निसटू शकतो. झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, २१ मिमी किंवा कमी असेल तर रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारा), २२ पासून सेन्सिटिव्ह. हल्ली आमचे बरेच झोन २२-२३ ला येतात. मी 'सेन्सिटिव्ह' लिहिलं की सर्जन सेफाझोलिन हे अँटिबायोटिक सुरू करणार. जंतूत मेकए हे रेझिस्टन्स देणारं जनुक असेल तर त्या औषधाचा उपयोग नाही आणि पेशंटची जखम चिघळत राहणार. सही करताना हात थांबतो.

वरिष्ठ म्हणतात, एटीसीसी २५९२३ चा (चाचणी बरोबर चालते का ते तपासायच्या प्रमाणित स्ट्रेनचा) झोन २३ ते २९ मध्ये बसतोय ना, मग काळजी कशाची? पण तो स्ट्रेन मुळातच सेन्सिटिव्ह. गरम इन्क्युबेटरमध्ये रेझिस्टन्स लपतोय का, हे त्याच्यावरून कसं कळणार?

दुसरा इन्क्युबेटर इतक्यात मिळणार नाही. आहे तोच खाली आणला तर बाकीच्या कल्चरचं काय? आणि तोवर हे २२-२३ वाले रिपोर्ट कसे द्यायचे?

प्रतिसाद:
ताई, तुमची शंका रास्त आहे. २५९२३ सोबत एटीसीसी ४३३०० लावा, त्यात मेकए आहे. तो सेन्सिटिव्ह दिसला तर त्या दिवशीचे स्टॅफचे रिपोर्ट रोखा.

इन्क्युबेटर ३४ वर आणा. क्लेबसिएला, स्यूडोमोनास वगैरेंच्या डिस्क टेस्टलाही ३५ च्या दोन अंश अलीकडे-पलीकडे चालतं, त्यामुळे अडचण नाही. बाहेरच्या आकड्यावर जाऊ नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. प्लेटांची उंच चळत नको, मधल्या प्लेटा उशिरा तापतात.

२२-२३ वाले स्ट्रेन ताज्या वाढीतून ०.५ मॅकफार्लंड (जंतूंच्या द्रावणाच्या गढूळपणाचं माप) करून पुन्हा लावा. पीबीपी२ए (मेकएमुळे बनणारं प्रथिन) ओळखणारी लॅटेक्स टेस्ट किंवा मेकए पीसीआर जिथे होतं तिथे पाठवता आलं तर उत्तमच. निकाल येईपर्यंत रिपोर्टवर 'खात्री बाकी' लिहा आणि सर्जनना स्वतः फोन करा, कागद वॉर्डात पोचायला वेळ लागतो.