सर्किट बेंच आलं म्हणून जंगल वाचलं का? (वनप्रेमींना एक लांबलचक उत्तर)

घाटमाथ्यावरचा

परवा इथं एकानं टाकलेलं, "कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, आता कोर्टानं स्वतःहून दखल घ्यावी आणि राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीतली जंगलातली सगळी अतिक्रमणं एका फटक्यात काढावीत, वनखात्याच्यानं काय होत नाही." खाली बदामांचा पाऊस. तिथं लिहिणार होतो पण कमेंटीत बसेना म्हणून वेगळा धागा काढतोय, चिडून लिहितोय हे आधीच सांगतो.

सगळी म्हणजे कुणाची हो? माझं आजोळ धनगरवाडा. अकरा घरं, वर जायला अजून धड रस्ता नाही, आजारी माणूस डोलीतनं खाली आणायचा. मामानं वनहक्क कायद्याखाली, राहत्या जागेवरचा आपला हक्क मान्य करा म्हणून, दावा टाकला. आता गंमत बघा. आदिवासी असला तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासनं ताबा आहे एवढं दाखवलं की झालं. गवळी धनगर आदिवासीत नाही, मग त्यानं तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं राहतोय हे दाखवायचं. २००५ मधनं ७५ वजा करा. १९३०! म्हणजे राजाराम महाराज गादीवर होते तेव्हाचा कागद आणा म्हणतात. संस्थान विलीन झालं १९४९ ला. शेरडं राखणाऱ्या माणसानं संस्थानचा कागद कुठं ठेवायचा, कांबळ्यात? रेशनकार्ड आणि म्हातारीची साक्ष एवढंच होतं. दावा नामंजूर, कारण एका ओळीत, "पुरेसा पुरावा नाही."

मग १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, नामंजूर दावेवाल्यांना बाहेर काढा. २८ ला त्यालाच स्थगिती. मधले ते पंधरा दिवस मामा नीट जेवला नाही, म्हशी विकायच्या का ठेवायच्या एवढंच विचारायचा. आणि त्याच वाटेवर खाली, चालत दहा मिनिटं, एक फार्महाऊस आहे. पोहायचा तलाव, डीजे, शनिवारी पुणे-मुंबईच्या गाड्या. डोंगर कापून सपाट केलाय, पण सातबारा चकाचक. त्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही.

कोर्टाचा जेसीबी कुठल्या घरासमोर थांबंल ते तुम्हीच सांगा.

रंकाळ्यावरचा_बगळा

ती पोस्ट माझीच, त्यामुळं उत्तर देणं भाग आहे.

मामांचं वाईट वाटलं, खरंच. पण एका मामावरून धोरण ठरत नसतं. प्रत्येक अतिक्रमणाच्या मागं कुणाचा तरी मामा उभा असतोय. १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन खटल्यातला आदेश नसता तर आज आपण कशावर भांडत असतो? निलगिरीतल्या लाकूडतोडीची तक्रार घेऊन नीलांबूरचा एक माणूस कोर्टात गेला, आणि कोर्टानं सांगितलं की जंगल म्हणजे शब्दकोशात जंगल म्हणतात ते, मालकी कुणाची का असेना, सरकारी नोंद असो नसो. आणि केस निकालात काढली नाही, चालूच ठेवली, २००२ ला स्वतःची समिती बसवली. तीस वर्षं होत आली. खात्यावर सोडलं असतं तर घाटात आता नुसते प्लॉटचे बोर्ड दिसले असते.

२०२३ ला सरकारनं वनसंवर्धन कायदा बदलून ती व्याख्या आवळली, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टानंच सांगितलं की तूर्त जुनाच अर्थ चालू ठेवा. मे २०२५ मध्ये पुण्यातली कोंढवा बुद्रुकची ११.८९ हेक्टर वनजमीन, १९९८ ला मंत्रालयातनं हळूच शेतीसाठी दिलेली आणि मग हाऊसिंग सोसायटीकडं गेलेली, कोर्टानं वनखात्याकडं परत फिरवली. वर सगळ्या राज्यांना सांगितलं, महसूल खात्याकडं पडून असलेली राखीव वनजमीन खाजगी माणसाला दिलीय का ते पथकं नेमून शोधा, एका वर्षात. हे कुठल्या आमदारानं केलं असतं?

फार्महाऊसचं म्हणाल तर त्याच्याविरुद्ध तक्रार केलीत का? का नुसतंच धाग्यावर?

ऊस_आणि_आडसाली

दोघंबी बरोबर आणि दोघांनाबी शेती नाही असं दिसतंय. जंगल वाचवा वाचवा, आणि गवे सोडा आमच्या उसात. १९५८ ला दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य केलं, १९८५ ला वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं, पण ते गव्यांना कुणी सांगितलं न्हाई. ते येत्यात रात्री अकराला, पार कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आलेले सगळ्यांनी बघितल्यात. माझा पाऊण एकर एका रात्रीत झोपवला. पंचनाम्याला साहेब आले नवव्या दिवशी, म्हणाले पाऊलखुणा कुठायत? म्हटलं साहेब मधी पाऊस पडला. म्हणाले मग कसं लिहू? भरपाई जेवढी मिळाली त्यात फेऱ्या मारल्याचं पेट्रोल निघालं न्हाई. ह्याच्यावर कोर्टाची देखरेख बसवा की.

शिरोळचा_वाघ

कोर्ट कोर्ट काय करताय राव. त्याच कोर्टानं आमची महादेवी हत्तीण नेली. तीसेक वर्षं नांदणीच्या मठात होती. १६ जुलै २०२५ ला हायकोर्ट, २८ ला सुप्रीम कोर्ट, त्याच रात्री हत्तीण गाडीत. लोकं रडत होती रस्त्यावर. मामाच्या दाव्याला वर्षं लागत्यात आणि हत्तीण न्यायला एक रात्र. ह्याला न्याय म्हणायचं?

रंकाळ्यावरचा_बगळा

विषय जंगलाचा आहे, मठाचा नाही. आणि हत्तीच्या पायाचे, नखांचे रिपोर्ट कोर्टापुढं होते, भावनेवर निकाल लागत नसतो.

शिरोळचा_वाघ

रिपोर्ट आम्हाला शिकवू नका. आमच्या घरातली लहान पोरं तिला केळी भरवून मोठी झालीत. तुम्ही बघितलीय का कधी तिला जवळनं? का रंकाळ्यावर भेळ खात रिपोर्ट वाचला?

पांढरा_रस्सा_प्लीज

मी पण त्या ३ ऑगस्टच्या पदयात्रेत होतो, नांदणी ते कलेक्टर ऑफिस, ४५ किलोमीटर, पायाला फोड आले. अभिमान आहे. पण एक विचारतो, राग मानू नका. महादेवीसाठी ४५ किलोमीटर चाललो, राधानगरीच्या जंगलासाठी आपण बिंदू चौक ते पापाची तिकटी तरी चाललो असतो का?

शिरोळचा_वाघ

दोन्हीची तुलनाच चुकीची. ती घरची होती.

चंदगडी_काजू

शिरोळवाल्यांनो, तुम्हाला हत्ती पाहिजे ना? आमच्याकडं या. चंदगड-आजऱ्यात कर्नाटकातनं आलेले हत्ती कित्येक वर्षं मुक्कामाला आहेत, केळी, ऊस, नारळ, पाण्याची टाकी, काही सोडत नाहीत. माझ्या काकाची मोटार उपसून टाकली. दोन घेऊन जा, मिरवणूक आम्ही काढतो.

शिरोळचा_वाघ

चेष्टा नको. श्रद्धेचा विषय आहे. असल्या लोकांमुळंच ती गेली.

चंदगडी_काजू

माझ्यामुळं गेली? मी कोर्टात होतो व्हय?

तटबंदी

एवढं चाललंय तर विशाळगडाचं पण बोला की, तिथं तर...

पांढरा_रस्सा_प्लीज

विशाळगड काढू नका. मागच्या वेळी धागा बंद पडला होता, चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. हत्तीणपण पुरे आता.

निवांत_वकील

मूळ मुद्द्यावर येतो, दोघांनाही थोडं सुनावायचं आहे.

बगळेराव, कोर्टाला डोळे नसतात, प्रतिज्ञापत्र असतं. ते प्रतिज्ञापत्र ज्या खात्यावर तुमचा विश्वास नाही तेच खातं लिहितं. वनखात्याचा नकाशा एक, महसुलाचा सातबारा दुसरा, मोजणी जुळत नाही, आणि "अतिक्रमण किती" हा आकडा गार्ड आणि तलाठी मिळून भरतात. साहजिकच जो गप बसतो त्याचं नाव पहिल्या पानावर. मालकी वनांचंच बघा. ३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्रातली खाजगी वनं सरकारजमा झाली असं धरून कितीतरी सातबारांवर नंतर शेरे मारले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जुन्या काळी नुसती नोटीस काढून ठेवली म्हणून जमीन वन होत नाही. जो दिल्लीपर्यंत गेला त्याला दिलासा मिळाला. मामा गगनबावड्यापर्यंत जायचा तर एसटी बघतोय.

दोडामार्गात तर २०१३ पासून हायकोर्टाची वृक्षतोडबंदी आहे. तोड थांबली नाही म्हणून लोक परत कोर्टातच गेले. आदेश काढणारा मुंबईत, करवतवाला दोडामार्गात.

पण घाटमाथ्यावरचे साहेब, तुमचंही अर्धंच आहे. म्हातारीची साक्ष चालते. नियमातच आहे, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, घराचं जोतं, दफनाची जागा हे सगळं पुराव्यात येतं, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट केलंय. फक्त जबाब दावेदार सोडून दुसऱ्याचा पाहिजे. म्हातारी मामाच्याच घरातली असणार, तिचं नाव दाव्यात असणार. अपील केलं का?

घाटमाथ्यावरचा

नाही केलं. साठ दिवसांची मुदत कुणाला माहीत? पत्र हातात पडलं तेव्हाच ती उलटून गेलेली. हे तुम्ही वकील लोक नंतर सांगता.

रंकाळ्यावरचा_बगळा

म्हणजे चूक प्रक्रियेची, कोर्टाची नाही. मी तेच म्हणतोय. नियम सगळ्यांना सारखा. सरकारी जमीन ती सरकारी जमीन.

ऊस_आणि_आडसाली

सारखा? मग एक इचारू? २०२२ ला हायकोर्टानं गायरानातली अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं, गावोगाव नोटिसा आल्या, तवा मोर्चात तुम्ही फुडं होता की बॅनर धरून. फोटो हाय माझ्याकडं. तवा कोर्टाची देखरेख कडू लागली व्हय?

रंकाळ्यावरचा_बगळा

ती गोष्ट वेगळी आहे. ते घर माझ्या वडिलांनी बांधलंय. १९९४ पासूनच्या घरफाळ्याच्या पावत्या आहेत, लाईटबिल आहे, पंचायतीनं नळ दिलाय. आम्ही काय रातोरात पत्रे ठोकून बसलेलो नाही.

चंदगडी_काजू

बघा, निघाला का नाही तुमचापण मामा!

शिरोळचा_वाघ

😂 आता कळलं कोर्ट दारात आल्यावर कसं वाटतं.

रंकाळ्यावरचा_बगळा

हसा. गायरान आणि राखीव जंगल एक नाही, हे वकीलसाहेबसुद्धा सांगतील.

निवांत_वकील

कायद्यानं एक नाही. नोटीस हातात आल्यावर पोटात येतो तो गोळा मात्र एकच असतो, अशिलांचे चेहरे बघितलेत मी.

रंकाळ्यावरचा_बगळा

ठीक आहे. "सगळी" हा शब्द मागं घेतो. मूळ पोस्ट एडिट करतो, "आधी रिसॉर्ट आणि फार्महाऊस" असं लिहितो. झालं समाधान? पण देखरेख कोर्टाचीच पाहिजे, त्यावरनं मी हलणार नाही. खात्यावर सोडलं तर तुमचं ते फार्महाऊस पुढच्या वर्षी दोनाचं चार होईल.

घाटमाथ्यावरचा

होईल नाही, झालंय. मागच्या महिन्यात दुसरा तलाव खणला. तक्रारीचं विचारलं होतंत ना, दोनदा केली. पहिल्यांदा "तुमचा काय संबंध" म्हणाले, दुसऱ्यांदा मामाच्याच घराची मोजणी करून गेले.

निवांत_वकील

दावा नामंजूर झाल्याचं पत्र जपून ठेवलंय का? कधी मिळालं ते पाकिटावरच्या शिक्क्यानं कळंल. मुदतीचं बघू, ग्रामसभेचा ठराव लागंल. आणि १९३० च्या आसपासचे संस्थानचे कागद पुराभिलेखागारात असतात. चराईच्या पावत्या, कुरणांची नोंद, वाड्यांची नावं. बहुतेक मोडीत आहेत.

घाटमाथ्यावरचा

मोडी कोण वाचणार? मामाला सही येत नाही.

रंकाळ्यावरचा_बगळा

मला येते मोडी. वडिलांनी शिकवलेली. गुरुवारी सुट्टी आहे माझी, अकराला या. वाड्याचं जुनं नाव काय होतं ते तेवढं म्हातारीला विचारून या, हल्लीच्या नावानं काही सापडणार नाही.

घाटमाथ्यावरचा

येतो. पण कागद सापडला तर "अतिक्रमण" हा शब्द मामाच्या बाबतीत वापरायचा नाही.

रंकाळ्यावरचा_बगळा

आधी सापडू दे.