मिंटच्या पुढे काय? स्वतः जुळवायची आणि रोज वापरायची सिस्टम सुचवा

निळी_शाई

बरीच वर्षं लिनक्स मिंट वापरते आहे. तक्रार काहीच नाही. पण हल्ली एक गोष्ट सारखी मनात येते. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, उघडलं की वाय-फाय आपोआप जोडलं जातं, आणि हे नेमकं कोण करतं ते मला सांगता येत नाही. मला ते कळून घ्यायचं आहे.

टर्मिनलची सवय आहे. एपीटी, एसएसएच, गिट, छोट्या शेल स्क्रिप्ट हे रोजचंच. कामाचं मशीन वेगळं आहे आणि त्यावर मिंटच राहील. ज्यावर बदल करायचा तो जुना लॅपटॉप: चार कोअरचा इंटेल, ग्राफिक्स आणि वाय-फायही इंटेलचंच, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. तो पूर्ण पुसला तरी हरकत नाही. मात्र नंतर तो खरोखर वापरायचा आहे: लिहिणं, ब्राउझर, थोडं पायथन, आणि भरपूर मराठी टायपिंग.

आर्च, जेंटू, व्हॉइड, निक्सओएस, स्लॅकवेअर, एलएफएस (लिनक्स फ्रॉम स्क्रॅच), फ्रीबीएसडी एवढ्या नावांबद्दल वाचलं. सगळीकडे 'स्वतः करा, शिका' असंच लिहिलेलं, पण एकात काय कळेल जे दुसऱ्यात कळणार नाही, हे कुठे सापडलं नाही. कम्पाइल करत बसायची तयारी आहे, पण त्यातून काही उमजणार असेल तरच.

बिंदूफाइल

तुम्ही झाकणाचं उदाहरण दिलंत ते उत्तम झालं. त्याच एका प्रश्नावर या सगळ्या सिस्टम तपासता येतात.

आधी मिंटवर काय होतं ते बघा. झाकण मिटल्याचा संकेत एसीपीआयमार्फत (वीज आणि हार्डवेअरचे संकेत पोचवणारी यंत्रणा) कर्नलपर्यंत, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यापर्यंत, येतो. तो सिस्टमडीचा (सिस्टम सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) लॉगइनडी हा भाग ऐकतो. पण सिनॅमन डेस्कटॉपचा वीज-व्यवस्थापक आधीच लॉगइनडीला सांगून बसलेला असतो की झाकणाचं मी बघतो, तू थांब. म्हणून लॉगइनडीच्या कॉन्फिग फाइलीत कितीही बदल केले तरी मिंटवर बऱ्याचदा फरक पडत नाही, कारण निर्णय भलतीकडेच होत असतो. 'सिस्टमडी-इनहिबिट' ही कमांड यादीच्या पर्यायासह चालवा, कोण कोणाला थांबवून आहे ते आजच्या आज दिसेल. यासाठी काही नवीन बसवायची गरज नाही.

आता आर्च. इंस्टॉलच्या वेळी तुमच्यासमोर फक्त कमांड लाइन असते. डिस्कचे विभाग तुम्ही पाडता, फाइलसिस्टम तुम्ही घालता, पॅकस्ट्रॅपने मूळ पॅकेजेस उतरवता, जेनएफस्टॅबने माउंटची फाइल बनवता, मग आर्च-क्रूटने नव्या सिस्टमच्या आत शिरून लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी), वेळ, पासवर्ड आणि बूटलोडर (मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) लावता. एवढं झाल्यावर जे बूट होतं त्यात डेस्कटॉप नसतो, आणि तुम्ही नेटवर्कचं काही बसवलं नसेल तर वाय-फायसुद्धा नसतं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो मात्र, कारण लॉगइनडी तिथेही आहे आणि त्याला अडवणारं कोणी नाही. मग डेस्कटॉप चढवलात की तोच प्रश्न पुन्हा बघा. निर्णय कोणाकडून कोणाकडे गेला हे तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. तुम्हाला हवं ते शिक्षण हेच आहे असं मला वाटतं.

म्हणून माझं मत आर्च. मिंटवरचं सिस्टमडीचं ज्ञान तसंच उपयोगी पडतं आणि आर्चचा विकी तर इतर डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे अवतार) वापरणारेही उघडून बसतात. आर्चची सुरुवात २००२ सालची, त्यामुळे जवळपास प्रत्येक अडचण आधी कोणीतरी सोडवून लिहून ठेवलेली आहे.

वेळ_वाचवा

आर्चच्या यूएसबीवर २०२१ पासून आर्चइन्स्टॉल ही स्क्रिप्ट येते. प्रश्नांची उत्तरं द्या, थोड्या वेळात डेस्कटॉप तयार. हाताने करायचा हट्ट कशाला?

बिंदूफाइल

दुसऱ्यांदा बसवताना जरूर वापरा. पण इथे प्रश्न विचारणाऱ्या ताईंना आतलं बघायचं आहे. स्क्रिप्टने बसवलेलं आर्च पहिल्या दिवशी मिंटइतकंच बंद डब्यासारखं असतं, वर त्याची देखभाल मात्र मिंटपेक्षा जास्त.

मूळवापरकर्ती

जेंटूची बाजू मांडते, कारण 'कम्पाइल करून काय कळणार' हा प्रश्न रास्त आहे.

नुसतं कम्पाइल करून काहीच कळत नाही. स्क्रीनवरून ओळी धावतात, एवढंच. जेंटूत कळतं ते यूज-फ्लॅगमुळे. एखाद्या प्रोग्रामला ब्लूटूथचा आधार हवा की नको, छपाईचा हवा की नको, हे तुम्ही आधी ठरवता आणि मग तो प्रोग्राम त्या भागासह किंवा त्याशिवाय बांधला जातो. एक फ्लॅग काढला की अवलंबनांच्या (प्रोग्रामला चालायला लागणाऱ्या इतर पॅकेजेसच्या) यादीतून चार पॅकेजेस गळतात, आणि कोणतं कशासाठी होतं ते लक्षात येतं. आर्चमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे पॅकेज दुसऱ्या कोणीतरी बांधून ठेवलेलं असतं. कर्नलचंही तसंच: एलएसपीसीआयने कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते बघायचं आणि मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय हवं ते निवडायचा मेनू) तेवढंच ठेवायचं. हे एकदा केलं की 'ड्रायव्हर' म्हणजे काय याबद्दल धूसर असं काही उरत नाही.

पण तुमच्या लॅपटॉपवर एक अडचण आहे. समांतर चालणाऱ्या प्रत्येक कम्पाइल-कामामागे साधारण २ जीबी रॅम धरावी असं जेंटूची हँडबुकच सांगते. ८ जीबीत चार कामं म्हणजे अगदी काठावर. ब्राउझर, एलएलव्हीएम, रस्ट असली अवजड पॅकेजेस त्यावर बांधू नका. डिसेंबर २०२३ पासून जेंटूने तयार बायनरी पॅकेजेसचा साठा खुला केलाय. जड ते तिथून घ्या, आणि ज्यात तुम्हाला निवड करायची आहे तेवढंच स्वतः बांधा. तरीही पहिली डिस्ट्रो म्हणून या मशीनवर मी जेंटू सुचवणार नाही. आर्च किंवा व्हॉइड हाताखालून गेल्यावर या.

चौथा_टॅब

व्हॉइडचं नाव निघालंच आहे तर झाकणाचा प्रश्न तिथे कसा सुटतो ते सांगतो.

व्हॉइडमध्ये सिस्टमडी नाही, रनिट आहे. सेवा म्हणजे एक फोल्डर आणि त्यात 'रन' नावाची छोटी स्क्रिप्ट. सेवा सुरू करायची तर त्या फोल्डरची लिंक ठरलेल्या जागी टाकायची, बंद करायची तर लिंक काढायची. बूट होण्याचेही तीन टप्पे, तीन शेल स्क्रिप्ट, आणि तिन्ही उघडून वाचता येतात. झाकण मिटल्यावर एसीपीआयडी (एसीपीआयचे संकेत ऐकणारा प्रोग्राम) एक स्क्रिप्ट चालवतो, ती 'झेडझेडझेड' नावाची दुसरी स्क्रिप्ट बोलावते, आणि ती शेवटी सिस फाइलसिस्टममधल्या पॉवर-स्टेट फाइलीत 'मेम' हा एक शब्द लिहिते. मशीन झोपतं. संपूर्ण साखळी तुम्हाला कॅट कमांडने वाचता येते! मला हे फार मोलाचं वाटतं. मोठमोठ्या सिस्टममध्ये शेवटी हेच होतं, पण मधले थर इतके असतात की तळ दिसत नाही.

दोन सूचना. ई-लॉगइनडी (सिस्टमडीशिवाय चालणारा लॉगइनडी) बसवलात तर तोही झाकण ऐकतो आणि एसीपीआयडीशी टक्कर होते, म्हणून दोघांपैकी एकालाच ते काम द्या. आणि उतरवताना ग्लिबसीची आवृत्ती घ्या, मसलची नको (दोन्ही प्रोग्रामना लागणाऱ्या मूळ सी लायब्ररी). मसलवर बंद स्रोताचे बरेच प्रोग्राम चालत नाहीत आणि पायथनच्या तयार पॅकेजेसमध्येही अडायला होतं.

उत्तररात्र

निक्सओएस वेगळ्या वाटेने जातं. तिथे सिस्टम बसवत नाही, तिचं वर्णन लिहितो. एका कॉन्फिगरेशन फाइलीत कर्नल, सेवा, वापरकर्ते, फॉन्ट, झाकणाचं वागणं, सगळं. फाइल बदलली, पुनर्रचनेची कमांड दिली की नवी पिढी तयार होते आणि जुनी बूट-मेनूत शाबूत राहते. काही मोडलं तर आदली पिढी निवडून पुन्हा बूट करायचं. मोडायची भीती नसलेला माणूस जास्त धाडस करतो, आणि शिकताना ते धाडस लागतंच.

पण झाकणामागे काय चालतं हे निक्सओएस सांगत नाही. तुम्ही लॉगइनडीची एक ओळ लिहिता, बाकीचं तो करतो. शिवाय लायब्ररी नेहमीच्या जागी नसतात, त्यामुळे बाहेरून उतरवलेली बायनरी किंवा पिपने (पायथनच्या पॅकेज-साधनाने) आणलेलं पॅकेज सहज चालेल याची खात्री नाही. तुमच्या पायथनला हे नडेल. आधी एखादी सिस्टम हाताने जुळवा. मग तीच लिखित स्वरूपात मांडावीशी वाटली की निक्सकडे वळा.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार! ती इनहिबिटची यादी लगेच पाहिली. झाकणासमोर खरंच डेस्कटॉपच्या वीज-व्यवस्थापकाचं नाव आहे. इतकी वर्षं मी लॉगइनडीची फाइल बदलून परिणाम का होत नाही ते शोधत होते.

तीन प्रश्न. फ्रीबीएसडी आणि एलएफएसबद्दल कोणी बोललं नाही. आर्चच्या एयूआरवर (वापरकर्त्यांनी भरलेल्या साठ्यावर) किती विसंबावं? आणि मराठीचं काय?

मूळवापरकर्ती

एलएफएस हे मुळात पुस्तक आहे, १९९९ पासून चालू असलेलं. त्यात कम्पायलरपासून सगळं स्वतः बांधायचं. त्याच्यासारखी शिकवणी दुसरी नाही, पण पॅकेज मॅनेजर नसतो, म्हणून सुरक्षेचे अद्ययावत बदलही तुम्हीच शोधून बांधायचे. व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, रोजच्या लॅपटॉपवर नको. स्लॅकवेअरबद्दल थोडक्यात: १९९३ पासूनची, आजही जिवंत असलेली सर्वांत जुनी डिस्ट्रो. तिची पॅकेज-साधनं अवलंबनं सोडवत नाहीत, ते काम तुमचं. १४.२ नंतर १५.० यायला २०१६ ते २०२२ एवढा काळ गेला. ज्याला सिस्टम शांत हवी त्याला ती आवडते.

चौथा_टॅब

फ्रीबीएसडी मला मनापासून आवडते. लिनक्समध्ये कर्नल एकीकडचा, युटिलिटीज दुसरीकडच्या. फ्रीबीएसडीत मूळ सिस्टम एकाच प्रकल्पात वाढते, आणि तुम्ही वरून चढवलेलं सगळं 'यूएसआर-लोकल'मध्ये वेगळं राहतं. सेवा एका आरसी.कॉन्फ फाइलीत, झाकणासाठी एक सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग). झेडएफएस या फाइलसिस्टमवर बूट-पर्यावरणं (सिस्टमच्या जपून ठेवलेल्या अवस्था) ठेवता येतात, त्यामुळे चुकलेलं अपग्रेड मागे घेता येतं. मात्र लॅपटॉपवर वाय-फाय आणि झोपेतून उठणं या दोनच गोष्टी ठरवतात की तुम्ही ती ठेवाल की पुसाल. कार्डाचं मॉडेल बघून हार्डवेअरच्या यादीशी ताडून घ्या आणि मगच विचार करा.

बिंदूफाइल

एयूआर: तिथे पॅकेज नसतं, पॅकेज बांधायची कृती असते, आणि ती कोणीही टाकू शकतं. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या नावाखाली टाकलेल्या तीन कृतींत दूरनियंत्रणाचं मालवेअर सापडलं आणि त्या काढाव्या लागल्या. म्हणून पीकेजीबिल्ड, म्हणजे ती कृती लिहिलेली फाइल, प्रत्येक वेळी वाचा. सोर्स कुठून येतोय आणि इंस्टॉलच्या वेळी काय चालवलं जातंय, या दोन जागा आधी. तुमच्या वापराला लागणारं जवळपास सगळं अधिकृत साठ्यात आहे, सुरुवातीला एयूआर लागणारच नाही.

अपग्रेडचं: अर्धवट अपग्रेड आर्चमध्ये चालत नाही, करायचं तर पूर्ण सिस्टमचं. आणि त्याआधी आर्चच्या बातम्या वाचायच्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रब या बूटलोडरच्या एका बदलानंतर काही मशीन बूटच होईनात. पॅकेज नवं आलं, पण बसवलेला बूटलोडर जुनाच राहिला, आणि नवी कॉन्फिग त्याला समजेना. उपाय बातम्यांत लिहिलेला होता. सोबत एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारा) कर्नलही बसवून ठेवा, नवा कर्नल बिघडला तर बूट करायला दुसरा हाताशी असतो.

मराठी: नोटो फॉन्ट बसवेपर्यंत देवनागरीच्या जागी चौकोन दिसतील. टायपिंगसाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स५, त्यावर एम१७एन (अनेक भाषांच्या कळमांडण्यांचा संच), म्हणजे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. डेस्कटॉपशिवायच्या काळ्या कन्सोलवर मात्र देवनागरी नीट दिसत नाही. तिथे फॉन्टला जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांची मर्यादा आहे आणि जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणाच नाही. म्हणून सिस्टमच्या कामाच्या फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवा, आणि सिस्टमची भाषा इंग्रजी, म्हणजे त्रुटीचा संदेश जसाच्या तसा शोधता येतो.

निळी_शाई

ठरलं. आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये एकदा, मग लॅपटॉपवर आर्च, हाताने. 'होम' वेगळ्या विभागावर ठेवते, म्हणजे पुढे व्हॉइड घालायची झाली तर लेखन जागेवर राहील. निघण्यापूर्वी अजून काही?

बिंदूफाइल

महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, वेगळा विभाग म्हणजे बॅकअप नव्हे. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर आर्चची यूएसबी सुरूच होणार नाही. ईएफआय विभाग १ जीबीचा ठेवा, दोन कर्नल आरामात मावतात. इंटेलचं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या दुरुस्त्यांचं) पॅकेज विसरू नका.

आणि क्रूटमधून बाहेर पडण्याआधी नेटवर्कमॅनेजर बसवून त्याची सेवा चालू करा. यूएसबीवर वाय-फाय चालतं म्हणून बसवलेल्या सिस्टमवरही चालेल असं वाटतं, पण यूएसबीवरची साधनं तिथेच राहतात. ते राहूनच गेलं तरी पुसू नका: यूएसबीने पुन्हा बूट करा, विभाग माउंट करा, आर्च-क्रूट, पॅकेज बसवा, बाहेर या. पहिला बूट झाला की झाकण मिटून बघा आणि जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमच्या नोंदींत) काय उमटलं ते इथे टाका.