ओपन-बॅक हेडफोन घ्यायचाय, पण वर पत्र्याची शेड आहे

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, शनिवारी रात्री)

बी-३०२: नमस्कार. कान पूर्ण झाकणारा मोठा ओपन-बॅक हेडफोन घ्यायचा आहे, पहिलाच. ऐकणं शास्त्रीय, नाट्यसंगीत, भजनं, अधूनमधून सिनेमाची गाणी. जोडणार मोबाइलला (त्याला ३.५ एमएमचं भोक नाही) आणि लॅपटॉपला. बजेट २० हजारांपर्यंत. चष्मा आहे. कोणता घ्यावा?

ए-१०४: कोणता ते नंतर. ऐकणार कुठल्या खोलीत?

बी-३०२: आतली बेडरूम. शेवटचा मजला, वर गच्चीवर पत्र्याची शेड.

ए-१०४: मग मॉडेलआधी हे बघा. ओपन-बॅकच्या वाटीला मागून जाळी असते. आवाज काढणाऱ्या पातळ पडद्यामागची हवा कोंडत नाही, म्हणून तंबोरा डोक्याच्या आत न वाजता जरा बाहेर, मोकळा वाजतो. पण त्याच जाळीतून बाहेरचं सगळं आत येतं, अडवणूक जवळजवळ शून्य. आज रात्री पंखा ५ वर ठेवून फोनवर आवाज मोजायचं कुठलंही फुकट अ‍ॅप लावा, मग पंखा २ वर करून परत मोजा. अ‍ॅपचा आकडा अंदाजेच असतो, पण दोन आकड्यांतला फरक कळतो. ४० डेसिबलच्या खाली आलं तर खोली चालेल. ५० च्या वर असेल तर आलापातल्या हळू जागा पंख्याखाली गेल्याच म्हणून समजा.

सी-२०१: काका, पाऊस चार महिनेच की. उरलेले आठ महिने तरी ऐकतील.

ए-१०४: उरलेले आठ महिने पंखा.

सी-२०१: 😂 बरोबर.

ए-१०४: गंमत सोडा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माणूस नकळत आवाज वाढवतो, आणि ओपन-बॅकचं खरं नुकसान तिथे होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. जोराच्या पावसात ऐकायचंच असेल तर साधा बंद वाटीचा किंवा कानात बसणारा वेगळा ठेवा. ओपन-बॅककडून ते काम होणार नाही, महागडा घेतला तरी नाही.

बी-१०३: घरातल्यांना ऐकू जातं का हो? आमच्याकडे हा प्रश्न आधी येईल.

ए-१०४: त्याच खोलीत झोपलेल्याला स्पष्ट ऐकू जातं वहिनी, शब्दांसकट. भिंतीपलीकडे नाही.

बी-३०२: पंखा २ वर ३८ दाखवतोय. खिडकी बंद करून.

ए-४०१: मग खुशाल घ्या. तुमच्या बजेटात मी दोनच नावं घेईन: सेनहायझर एचडी ५६०एस आणि हायफायमॅन एचई४००एसई. त्याहून स्वस्तात फिलिप्स एसएचपी९५०० मिळाला तर तोही वाईट नाही, ३२ ओहमचा आहे, कुठल्याही फोनवर वाजतो. भाव रोज हलतात, घ्यायच्या दिवशीच बघा.

सी-२०१: बेयरडायनॅमिक डीटी ९९० प्रो का नाही? सगळे तोच घेतात.

ए-४०१: यांच्या यादीत भजनं आहेत म्हणून. त्या हेडफोनला ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. टाळ, झांज आणि गाणाऱ्याचा ‘स’ सगळे त्याच पट्ट्यात. दहा मिनिटं छान, झगमगीत वाटतं, मग कानात टोचायला लागतं. शिवाय केबल कायमची जोडलेली, गुंडाळीची. आपल्याकडे आधी सडतो तो जॅक. तो गेला की डाग मारणारा शोधत बसा. आणि २५० ओहमचा घेतलात तर साध्या फोनवर जेमतेम.

सी-२०१: मग अँप (आवाजाला जोर देणारा वेगळा अँप्लिफायर) घ्यायचा. ओहम जास्त तेवढा आवाज भारी ना?

ए-४०१: नाही. हा गैरसमज ग्रुपवरून एकदा निघालाच पाहिजे. ओहम सांगतात ते फक्त हेडफोन किती करंट ओढेल. किती जोरात वाजेल ते संवेदनशीलतेवर, आणि ती कंपन्या दोन तऱ्हांनी छापतात: १ मिलिवॅटला किंवा १ व्होल्टला. दोन्ही एकाच रांगेत ठेवून तुलना केली की फसलात.
हिशोब करून दाखवतो. अ‍ॅपलचा छोटा टाइप-सी डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या भोकाला ३.५ एमएमचं भोक जोडून देणारा) साधारण १ व्होल्ट देतो. एचडी ५६०एस १२० ओहमचा, कंपनीचा आकडा १ व्होल्टला ११० डेसिबल. म्हणजे त्या एवढ्याशा डोंगलवर जास्तीत जास्त ११०. तुम्ही ऐकणार ७० ते ७५ ला, शिखरं धरून ९०. भरपूर उरतं.
एचई४००एसई ३० ओहमच्या आसपास, पण १ मिलिवॅटला ९१ च. १ व्होल्टला त्यात ३३ मिलिवॅट जातात, म्हणजे वर १५ डेसिबल, एकूण १०६. तोही वाजतो. ओहम चौपट कमी असूनही जोर कमीच, बघा.

बी-३०२: म्हणजे वेगळा अँप नको?

ए-४०१: आत्ता नको. डोंगल लावा. फक्त एक: अ‍ॅपलचा डोंगल काही अँड्रॉइड फोनांवर अर्ध्याच आवाजात अडकतो. दुकानात तुमचाच फोन लावून बघा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचा घ्या. आणि जुन्या होम थिएटरच्या हेडफोन भोकाला शक्यतो जोडू नका.

बी-१०३: का बरं? आमच्याकडे तोच आहे.

ए-४०१: त्यातल्या बऱ्याच जणांच्या भोकामागे शंभर ओहम किंवा जास्त रोध बसवलेला असतो. डायनॅमिक, म्हणजे नेहमीच्या प्रकारच्या, हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात, खर्जाच्या पट्ट्यात चढतात. समोरचा रोध मोठा असला की तेवढाच पट्टा फुगतो, आणि पखवाजाची डावी बाजू ढब्ब ढब्ब ऐकू येते. साधा नियम: हेडफोनचे ओहम भागिले ८, अँपचा रोध त्याहून कमी हवा. प्लेनारला, म्हणजे हायफायमॅनसारख्या सपाट पडद्याच्याला, हा त्रास नाही; त्याचे ओहम खालपासून वरपर्यंत सपाट.

सेक्रेटरी: मधेच सांगतो, टाकी भरली आहे, मोटर बंद केली. चालू द्या तुमचं. 🙏

सी-२०१: मग प्लेनारच घ्या की. खर्ज थेट तळापर्यंत जातो.

ए-१०४: जातो, मान्य. पण ३९० ग्रॅम, आणि एचडी ५६०एस २४०. तासाभराने मान ठरवते. दुसरं खास आपल्या गावचं: प्लेनारमध्ये पडद्याशेजारी चुंबकांची रांग असते. मांडवीच्या काळ्या समुद्रावर जाऊन वाळूत लोहचुंबक फिरवा, काळे कण मिशीसारखे चिकटतात. तेच कण चपलेतून, पिशवीतून घरात येतात. जाळीतून आत गेले की पडद्याला घासून खरखर, आणि फुंकरीने निघत नाहीत, कारण चुंबक सोडत नाही. कुठलाही हेडफोन ओट्यावर किंवा खिडकीत उघडा ठेवू नका, पण प्लेनार तर अजिबातच नाही.

बी-३०२: हे कुठल्याच परीक्षणात वाचलं नव्हतं. चष्म्याचं काय?

ए-४०१: काडी आणि गादी यांच्यात फट पडते, फटीतून खर्ज गळतो. जाड प्लास्टिकच्या काडीला जास्त, बारीक धातूच्या काडीला कमी. मखमलीची गादी काडीभोवती थोडी बसते, रेक्झिनची बसत नाही. खात्री करायला तळाचं वाद्य असलेलं काहीही लावा, चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय, दोनदा. फरक मोठा वाटला तर आधी काडी बारीक करा, हेडफोनला दोष देऊ नका.

बी-३०२: आवाज नाही आवडला तर?

ए-४०१: ईक्वलायझर, म्हणजे खर्ज-तार कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर. विंडोज लॅपटॉपवर ईक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. वेव्हलेटमध्ये मॉडेलचं नाव शोधलं की तयार दुरुस्ती मिळते. हाताने करायची तर १०५ हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचा सगळा खर्ज उचलणारा), अधिक ४ डेसिबल. पण त्याच वेळी प्रीअँप, म्हणजे एकूण पातळी, उणे ४ किंवा ५ करा. तो विसरला की जोराच्या थापेला आवाज फाटतो आणि लोक हेडफोन परत पाठवतात.

बी-१०३: ते सगळं ठीक, पण इथे बूटसुद्धा आठवड्यात बुरशी धरतात. हेडफोनचं काय होतं ते सांगा.

ए-१०४: हेच खरं वहिनी. तीन ठिकाणी मार बसतो. एक, रेक्झिनच्या गाद्या: ओलीने वरचा थर सुटतो, खपल्या पडतात, काळं पीठ गालाला लागतं. दुसरं, पट्टीतला आणि गादीमागचा पातळ फोम: आधी चिकट, मग पूड. तिसरं, जॅक: खाऱ्या वाऱ्याने काळपट थर चढतो, मग एक कान येतो-जातो. लोक म्हणतात ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग) गेला. बऱ्याच वेळा जॅक पुसला की परत येतो.
म्हणून मखमलीच्या गाद्या, बदलता येणारी केबल, आणि सुटे भाग मिळणारं मॉडेल.
ठेवायचं असं. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, हेडफोन आडवा राहील एवढा. २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत, शेजारी छोटा डिजिटल आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के ठीक. ६० च्या वर गेलं की जेल तापवून घ्या, ११० ते १२० अंशांवर दोन तास, रंग मूळचा होईपर्यंत. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. आणि तापवायचं भांडं स्वयंपाकाचं नको.

सी-२०१: ऐकून झाल्यावर लगेच डब्यात?

ए-१०४: नाही! घामाची गादी कोंडलीत तर आतच कुबट होते. आधी अर्धा तास पंख्याखाली, मग डबा. गाद्या धुवायच्या त्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या कामांबरोबर, मे महिन्यात: काढून घ्या, कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू, दाबून पाणी काढा, पिळू नका, सावलीत पूर्ण दिवस. जुलैत धुतलीत तर वाळणार नाही, वास मात्र कायमचा. जॅकला महिन्याला एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस.

बी-३०२: मग एचडी ५६०एस. आल्यावर काय तपासू?

ए-४०१: डबा उघडताना व्हिडिओ, परतीची मुदत बघून ठेवा. मग आवाज अगदी कमी ठेवून २० ते २०० हर्ट्झचा सरकता सूर वाजवा. कुठेतरी ‘झर्रर्र’ आलं तर बहुतेक वेळा केस पडद्याला टेकलेला असतो. गादी काढा, रबरी ब्लोअरने दोनदा फुंका, परत वाजवा. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पडदा ओढला जातो. तरीही आलं तर परत पाठवा. मग एकच वाहिनी वाजणारी चाचणी लावून डावा-उजवा बरोबर आहे ना ते बघा.
एचडी ५६०एसची केबल ३ मीटर, टोकाला ६.३ चा जाडा जॅक. डोंगलला थेट ठोकळा अडॅप्टर लावलात की त्याच्या वजनाने टाइप-सीचं भोक ढिलं होतं. तारेचा छोटा अडॅप्टर वापरा.

बी-३०२: लॅपटॉपला लावला की बारीक गुंजन येतं, इअरफोनलाही. ते यातही येणार का?

ए-४०१: चार्जर काढून बघा.

बी-३०२: गेलं!

ए-४०१: अर्थिंग. त्या पॉइंटला अर्थची वायर आहे का, वायरमनला दाखवा. हेडफोनचा दोष नाही.

सेक्रेटरी: त्या विंगच्या अर्थिंगची तक्रार आधीच नोंदवलेली आहे. सोमवारी वायरमन येतोय, ३०२ चं नाव यादीत टाकतो.

बी-१०३: १०३ पण टाका. होम थिएटरचं भोकही त्याच्याकडून मोजून घेते. 😄